आईच्या खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेबाबत

मी, खाली सही करणारी, धंद्याने सुतार, गावात खिडकीवाली म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे की धाकाखाली नव्हे, स्वतःच्या मर्जीने माझ्या स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझं पूर्ण नाव वकीलबाईंनी वेगळ्या पानावर टाइप केलं आहे. त्या नावाने मला शाळेनंतर कोणी हाक मारलेली नाही, तेव्हा इथे ते पुन्हा लिहीत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळीच तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. सही थोडी वाकडी आली तर तो सांध्यांचा दोष समजावा, मनाचा नव्हे. याआधी मी असा कागद केलेला नाही. कुठून निघालाच तर तो खोटा धरावा.

घाटातून वर येताना वकीलबाईंना गाडी लागली. त्या थोडा वेळ माझ्याच पलंगावर आडव्या झाल्या, मग उठून म्हणाल्या, "फक्त मिळकत लिहा. कारणं लिहू नका. कारणं लिहिली की कोर्टात त्यांवर वाद घालता येतो."

मी म्हटलं, "आणि नाही लिहिली तर गाव वाद घालेल. कोर्टाला निदान सुट्टी असते."

म्हणून कारणांसकट लिहीत आहे.

१. मिळकतीचं वर्णन. नदीच्या उतारावरचं दगडी जोत्याचं, लाकडी माडीचं घर, आणि त्याच्या खालच्या अंगाला लागून पत्र्याचा कारखाना. कारखाना म्हणजे लाकूडकामाचा ओटा आणि सामानाची खोली. सरकारी कागदात हाच शब्द आहे म्हणून तोच ठेवला. चतुःसीमा अशा: उत्तरेला बाजाराकडे चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. पूर्वेला बेकरीवाल्याची भिंत, जी त्याने वीतभर माझ्या हद्दीत घेतली आहे. ती वीत मी त्याला सोडून देते, कारण त्याच्या भट्टीच्या उबेने माझी त्या बाजूची खोली हिवाळाभर कोरडी राहते. पश्चिमेला ओढा. दक्षिणेला अरुंद बोळ आणि बोळाच्या पलीकडे नदीपर्यंत उतरत गेलेली मोकळी जागा.

ही मोकळी जागाही आज माझ्याच नावावर आहे. भांडण झालंच तर ते तिच्यावरून होणार आहे, म्हणून तिचं सगळं सांगणं भाग आहे.

२. आमचं गाव दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसलेलं आहे. पाहुणे येतात ते उन्हाळ्यात. ते हिरवे उतार बघतात, नदीत पाय सोडून बसतात आणि परत जाताना म्हणतात, इथे राहणारे किती नशीबवान! हिवाळ्यात त्यांच्यापैकी कोणी फिरकत नाही. हिवाळ्यात समोरचा डोंगर सूर्याला अडवून धरतो. ऊन आधी वर बाजारात येतं, मग शाळेच्या पटांगणात, मग पायऱ्या उतरत सगळ्यांत शेवटी आमच्याकडे, आणि अंगात ऊब भरेपर्यंत निघूनही जातं. लहानपणी मी आणि दादा पायऱ्या चढून उन्हाला गाठायला पळायचो. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. वर पोचला की मला जागा राहावी म्हणून भिंतीला हात पसरून उभा राहायचा.

आमचे बाबा खिडक्या करायचे. दारं, पलंग, कपाटंही करायचे, पण नाव खिडक्यांचं होतं. कोणाचं घर बांधायला निघालं की बाबा एक स्टूल घेऊन त्या मोकळ्या जागेवर जायचे, मालकाला त्यावर बसवायचे आणि विचारायचे, "उभं राहून बघणार, बसून की पडून?" लोक हसायचे. मग उत्तर द्यायचे. त्यावर खिडकीची उंची ठरायची.

आईच्या छातीत थंडी बसली आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला काही विचारायची गरजच नव्हती. बाबांनी माडीवरच्या दक्षिणेच्या खोलीची भिंत फोडली आणि पलंगाच्या बरोबरीने, इतकी खाली, रुंद खिडकी बसवली. आईला उशीवरून मान न उचलता नदी दिसायची. हिवाळ्यात आमच्या घरात जे काही थोडं ऊन यायचं ते आधी तिच्या पांघरुणावर पडायचं. ती दोन हिवाळे त्या खिडकीशी होती. तिसरा तिने पाहिला नाही.

ती गेल्यावर वर्षभरात दादा घाट उतरून खाली सपाटीवर कामाला गेला. बाबांनी मला ओट्यावर घेतलं. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. रंधा हातात दिला आणि म्हणाले, "इकडून तिकडे ढकलायचा. उलटा ढकललास तर तुझं तुलाच कळेल." कळलं.

३. बाबांच्या मागे वाटणी झाली ती एका चहात झाली. घर आणि कारखाना मला, पुढचा उतार दादाला. कोणी आवाज चढवला नाही. दादा म्हणाला, "मला उतारावर काय पिकवायचंय? पण नावावर असू दे."

मग घाटाचा रस्ता रुंद झाला. पाहुण्यांच्या गाड्या येऊ लागल्या, आणि दादा वहिनीला व तान्ह्या मुलाला घेऊन परत आला. त्याला त्या उतारावर लॉज बांधायचं होतं. तो ओट्याशी येऊन उभा राहिला.

"खिडक्या तूच करशील ना?"

"मजले किती?"

"तळमजला आणि वर एक. आईच्या खिडकीतून नदी झाकली जाईल, ते मात्र खरं. पण ऊन नाही जाणार. काठी उभी करून बघितलंय मी."

मला नदीचं वाईट वाटलं, पण जागा त्याची होती आणि तो सांगून करत होता. मी हो म्हटलं.

"आणि मागच्या बाजूला?"

"मागे झरोके पुरेत. मागे बघायचंय काय? तुझ्या वाळत घातलेल्या चादरी?"

"झरोके मी करत नाही, दादा. खिडकी घे नाहीतर भिंत ठेव."

तो कुरकुरला आणि मग म्हणाला, "कर बाई, तुला काय करायचं ते कर." लॉजच्या मागच्या बाजूला, माझ्या ओट्याच्या समोर, मी पुढच्याइतक्याच मोठ्या, दोन पल्ल्यांच्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या बसवल्या.

दोन हंगाम लॉज चांगलं चाललं. तिसऱ्या हंगामाआधी वर आणखी एक मजला चढू लागला. मला कोणी काही सांगितलं नाही. एके दिवशी खालून ट्रक आला आणि त्यातून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या उतरल्या, तेव्हा मला कळलं. मी बोळात गेले.

"दादा, हे काय चाललंय?"

"पाहुण्यांना डोंगर वरूनच नीट दिसतो. खालच्या खोल्या रिकाम्या राहतात."

"आणि आईची खिडकी?"

"आईला जाऊन किती वर्षं झाली!"

"ते मला सांगू नकोस. मला माहीत आहे."

तो शिडी चढून वर गेला. त्या हिवाळ्यात आईच्या खोलीत ऊन आलं नाही, आणि मी दादाशी बोलणं टाकलं. त्यानेही माझ्याशी टाकलं. पुढची नऊ वर्षं आमच्या दोघांच्या मध्ये एक बोळ आणि माझी वहिनी होती.

वहिनी वयाने माझ्याहून लहान, नात्याने मोठी. आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. दादा तीन हातांवर उभा असायचा आणि मी म्हणायचे, "वहिनी, त्याला सांग, त्याच्या पन्हळीचं पाणी माझ्या लाकडांवर पडतंय."

दादा म्हणायचा, "तिला सांग, उद्या वळवतो."

सुरुवातीला ती बिचारी दोन्ही वाक्यं इमानदारीने परत म्हणून दाखवायची. पुढे पुढे नुसती एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायची आणि विचारायची, "पोचलं ना दोघांना? मग मी जाऊ? वर चाळीस चादरी धुवायच्यात."

४. ज्या वर्षी नदी आली त्या वर्षी वरच्या खोऱ्यात पाऊस थांबलाच नव्हता. दरड कोसळून नदीचं पात्र कुठेतरी वर अडलं होतं, हे मागाहून कळलं. त्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपता आटोपता, पोलीस चौकीचा भोंगा वाजला. मी ओट्यावर होते. आधी आवाज आला, ट्रकमधून दगड ओततात तसा, पण न थांबणारा. मग पाणी. ते पाण्यासारखं दिसतही नव्हतं. मातकट, जाड, त्यात अख्खी झाडं.

लॉजचा तळमजला बघता बघता भरला. जिना बुडाला. बोळातूनही पाणी जोराने वाहू लागलं, पण माझा ओटा उंचावर होता, त्यांच्या पहिल्या मजल्याच्या बरोबरीला. वहिनी सुदैवाने माझ्याकडेच आली होती, कडी मोडलेली एक पेटी घेऊन. तिने पेटी टाकली आणि हाका मारायला लागली.

समोरच्या मागच्या खिडक्या धाडधाड उघडल्या. आत पाहुणे होते, बायका, म्हातारी माणसं, पोरं. त्यांच्या मागे दादा.

माझ्याकडे जाड फळ्या होत्या, बाजारातल्या एका दुकानाच्या दारांसाठी आणलेल्या. मी आणि वहिनीने पहिली फळी ओट्यावरून पुढे सरकवली. तिचं टोक खिडकीत पोचलं, दादाने ते पकडलं आणि चौकटीला दोरीने बांधलं. मग दुसरी फळी तिच्या शेजारी. माझ्या बाजूला वहिनी दोन्ही फळ्यांवर बसली, तिचं सगळं वजन टाकून, आणि मी हात धरून एकेकाला ओढून घेत गेले. कोणी रडत होतं, कोणी रांगत आलं. एक लठ्ठ गृहस्थ निम्म्यात थांबले आणि म्हणाले, मला जमणार नाही. वहिनी ओरडली, "खाली बघू नका! माझ्याकडे बघा! मी काय इतकी वाईट दिसते?" ते आले.

लॉजच्या नदीकडच्या भिंतीला तडा गेलेला मला उघड्या खिडकीतून आरपार दिसत होता. दादाला दिसत नव्हता, त्याची पाठ होती तिकडे. मी त्याला हाक मारली नाही. मारली असती तर आतली माणसं घाबरली असती. मी नुसती भराभर हात पुढे करत राहिले. कोणी उरलं नाही हे तो खोल्याखोल्यांत जाऊन बघून आला, मग खिडकीवर चढला, फळीवरून चालत आला, सरळ, जसा काही पायऱ्या उतरतोय. ओट्यावर पाय टेकवला. चिखलाने माखलेला, ओठ काळेनिळे पडलेले. नऊ वर्षांनी तो माझ्याशी बोलला ते असं:

"मागची खिडकी अजून जरा मोठी चालली असती."

मी म्हटलं, "तू झरोका मागत होतास."

वहिनी फळीवरून उठली आणि आम्हा दोघांकडे बघून रडायला लागली. म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बोला. मी सुटले."

तासाभराने लॉजची पुढची बाजू नदीत बसली. त्या दुपारी गावाने खालच्या आळीतली पुष्कळ माणसं गमावली. त्यांची नावं पुलाजवळच्या दगडावर कोरलेली आहेत; मी त्यांच्याबद्दल इथे लिहिणार नाही, ते माझ्या एकटीचं दुःख नाही.

५. उरलेलं लॉज नंतर पाडावं लागलं. दादा आणि वहिनी माझ्याकडे राहायला आले ते कायमचे. रोज सकाळी दादा आईच्या खोलीत चहा घेऊन बसायचा. एकदा आपणहून म्हणाला, "मला खालून वर बघवायचं नाही. उतारावर उभं राहिलं की वाटायचं, ती अजून पडून माझ्याकडे बघतेय. वरचा मजला चढला तेव्हा बरं वाटलं होतं मला. पाहुण्यांसाठी नव्हता तो सगळा." मी त्याला बिस्किटाचा डबा दिला.

आजारी पडल्यावर त्याने तो उतार माझ्या नावावर केला. मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, ते आवडलं नाही. दादा मला म्हणाला, "तिथे पुन्हा काही बांधू नको देऊस. पोरगा मलाही हो म्हणतो. पण त्याला खाली कोणी नीट चहा पाजला, तर तो तिथेही हो म्हणेल." मी शब्द दिला. त्यानंतरच्या वसंतात दादा गेला.

६. माझा पुतण्या वाईट मनाचा नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तो पुराच्या वेळी खाली वसतिगृहात होता. त्याने ते पाणी पाहिलं नाही, आणि जे पाहिलं नाही त्याची भीती माणसाला सांगून वाटत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर तो हॉटेल कंपनीच्या एका साहेबाला घेऊन आला. साहेब आईच्या खोलीत बूट घालून शिरले, खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "आत्याबाई, हा व्ह्यू म्हणजे सोनं आहे! खाली चार मजले सहज बसतील."

"आणि नदी?"

"भिंत घालू ना आम्ही. काँक्रीटची."

पुतण्या म्हणाला, "आत्या, आता तंत्रज्ञान बदललंय."

"नदी पण बदलली का रे?"

तो साहेबांकडे बघू लागला. साहेबांनी माझ्या खिडकीचे फोटो काढले आणि निघून गेले. ते पुन्हा येणार आहेत, माझ्यानंतर.

मी वकीलबाईंना विचारलं, जागा कायमची रिकामी ठेवा असं लिहिता येईल का? त्या म्हणाल्या, नुसतं असं लिहून उपयोग नाही. माणूस गेल्यावर त्याच्या इच्छेची आठवण ठेवायला कोणाला फायदा नसतो. नगरपालिकेला दिली तर? त्या हसल्या. मीही हसले. वर्षभरात तिथे वाहनतळ झाला असता. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या या घराला सगळ्यात मोलाचं काय आहे?" मी म्हटलं, ही खिडकी. "मग खालच्या जागेवर वरच्या घराचा हक्क बसवू. वरचं घर ज्याचं असेल तो स्वतःच कोर्टात जाईल, तुमच्या शब्दासाठी नाही, स्वतःच्या खिडकीसाठी." मला ही व्यवस्था पटली. माणसांच्या चांगुलपणावर विसंबण्यापेक्षा त्यांच्या हावरेपणावर विसंबणं सोपं आहे. तो रजा घेत नाही.

सबब, बोळापलीकडची संपूर्ण मोकळी जागा मी माझ्या पुतण्याला देते. ती त्याच्या बापाची होती. मात्र त्या जागेवर कायमचा असा बोजा राहील की माडीवरच्या दक्षिणेच्या खोलीतल्या खिडकीतून, पलंगावर पडलेल्या माणसाला मान न उचलता नदीचं पूर्ण पात्र दिसत राहिलं पाहिजे, आणि त्याआड येणारं भिंत, छप्पर, तंबू, जाहिरातीचा फलक असं काहीही तिथे उभारता येणार नाही. झाडं लावावीत, पण बुटकी. हा हक्क घराबरोबर जाईल, घर कोणाकडेही गेलं तरी. पुतण्याने त्या उतारावर खुर्ची टाकून बसावं, मुलांना आणावं. त्याचा आजोबा आज असता तर त्यानेही तिथे स्टूल टाकून हेच केलं असतं.

७. अवजारं. करवती, पटाश्या, रंधे आणि गिरमिटं गावच्या शाळेतल्या लाकूडकामाच्या वर्गाला द्यावीत. फक्त लोखंडी गुण्या बाजारातल्या वरच्या सुताराला द्यावा. मी कामाला लागले तेव्हा हा इसम गावभर सांगत फिरत होता की बाईने केलेली खिडकी पहिल्या पावसात गळते. त्याच्या स्वतःच्या दारांचे कोपरे मी आजवर बघत आले आहे. त्याला आता तरी काटकोन कळावा. मी त्याला परवा विचारलं की साक्षीदार होतोस का, पण साक्षीदाराला काही घेता येत नाही असं वकीलबाई म्हणतात. तो म्हणाला, "सही दुसऱ्याची घे. गुण्या दे." म्हणजे त्याला गरज आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

८. बँकेत जे काही असेल त्यातून बाजाराच्या पायऱ्यांना कठडा करावा. मी तरुण असल्यापासून नगरपालिका तो करणार आहे. कठडा लोखंडी असावा. लाकडी कुजतो, आणि हे सुताराने सांगितलं आहे. उरेल ते वहिनीचं.

९. घर आणि कारखाना. इथे मला अडायला झालं होतं. मी मनात धरून होते की हे वहिनीने जिवंत असेतो वापरावं आणि पुढे नातवंडांकडे जावं. वकीलबाई म्हणाल्या, "त्यांना विचारलंत?" मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, ती इथेच राहते. आणि म्हटल्यावर माझं मलाच जाणवलं की लग्न होऊन आल्यापासून तिला आम्ही दोघांनी निरोप सांगितले, विचारलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले.

"वहिनी, हे घर तुला दिलं तर काय करशील?"

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"विकीन."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"मला हे डोंगर कधीच आवडले नाहीत गं," ती म्हणाली. शेंगा सोलणं चालूच होतं. "अंगावर येतात. मी सपाटीवर वाढले. आमच्याकडे सूर्य उगवला की उगवला, त्याची वाट नव्हती बघावी लागत. इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, माझे डोळेच गेले."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही दोघं एका खिडकीवरून नऊ वर्षं भांडत होतात. मी कुठे म्हणू, मला ती खिडकीच नको म्हणून?"

मी हसायला लागले, मग तीही. शेंगा सगळ्या खाली सांडल्या. नंतर मी विचारलं, "मग दादा गेल्यावर गेली का नाहीस?"

"तू एकटी पडली असतीस."

सबब, घर, कारखाना आणि त्यातलं बाकीचं सगळं सामान मी माझ्या वहिनीला पूर्ण मालकीने, कोणतीही अट न घालता देते. तिने ते हवं त्याला, हवं तेव्हा विकावं आणि मैलभर चाललं तरी चढ लागत नाही अशा ठिकाणी राहायला जावं. घर विकलं म्हणून कोणी तिला बोल लावला, तर त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं. वहिनी माझ्या आधी गेली तर घर पुतण्याच्या मुलांना, खिडकीच्या हक्कासकट. हे वाक्य वकीलबाईंनी घालायला लावलं. वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, "लिहा खुशाल. पण मी जाणार नाही आधी, मला अजून सपाट रस्त्यावर चालायचंय."

आणि तिने त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघत बसावं हे मला बरं दिसेना. म्हणून या येत्या हिवाळ्यापासून आम्ही दोघी ऊन नसलेले महिने तिच्या सपाटीवर भाड्याच्या खोलीत काढणार आहोत. ही गोष्ट मृत्युपत्रात येत नाही असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. राहू दे.

१०. माझी हातांची खुर्ची घाटावर बस चालवून निवृत्त झालेल्या ड्रायव्हरसाहेबांना द्यावी. दर रविवारी ते तिच्यात बसतात, तेव्हा ताबा त्यांचाच आहे. मी सव्वीस वर्षांची असताना त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. त्यांना खाली डेपोजवळ क्वार्टर मिळालं होतं. मी म्हटलं होतं, तुम्ही वर या राहायला. ते म्हणाले होते, मी रोजच वर येतो, तू एकदा खाली ये. तेवढ्यावरच ते राहिलं. त्यांनी संसार केला, चांगला केला, आता एकटे आहेत. काल त्यांना आमचा हिवाळ्याचा बेत सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी बोलावलं तेव्हा आली नाहीस," ते म्हणाले, "आणि आता वहिनीसाठी निघालीस."

मी म्हटलं, "तिने बोलावलं नाही. म्हणून तर निघाले."

ते हसले आणि म्हणाले, बसमध्ये डाव्या बाजूला बसा, वळणांवर कमी त्रास होतो.

११. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घ्यावीच लागली तर नगराध्यक्षांना बोलू देऊ नये. पुरानंतरच्या सभेत त्यांनी 'संकटातून संधी' असे शब्द वापरले होते. ज्यांची माणसं गेली ते पहिल्या रांगेत बसले होते.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांना घाटात त्रास होतो, म्हणून सगळे व्यवहार एकाच फेरीत उरकावेत.

सही करताना ज्याला काही मिळणार आहे त्याने खोलीत थांबू नये असा नियम आहे. म्हणून वहिनीला खाली पाठवलं आहे. ती जाता जाता म्हणाली की या घरात बोलणं चालू असताना तिला बाहेर काढल्याची ही पहिलीच वेळ. आता स्वयंपाकघरातून ओरडून विचारते आहे की साक्षीदारांना साखर किती. इथून कोणीच तिला उत्तर देत नाही, सगळे माझ्या सहीकडे बघत आहेत. सही करते आणि मीच जाऊन सांगते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला, आणि तो माझ्या मनासारखा आहे.

सही: खिडकीवाली (पूर्ण नावाची सही टाइप केलेल्या पानावर)

साक्षीदार पहिले: बेकरीवाला, पूर्वेकडचा शेजारी. कलम एकमधली वीत त्याला माफ झाल्याचं त्याला सहीनंतर सांगण्यात येईल. वकीलबाईंच्या मते वीत ही देणगी नसून तक्रार मागे घेणं आहे, त्यामुळे त्याची साक्ष चालते.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई, सरकारी दवाखाना. दोन चमचे साखर.

ठिकाण: राहत्या घरी, माडीवरची दक्षिणेची खोली.
तारीख: सहा ऑक्टोबर, सोमवार, दुपारी, ऊन आहे तोवर.